पराते मिस्त्रींचं भेव

शहरातल्या एका पार्टवाल्याने, म्हणजे गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याने, मला फसवलं आणि मी पराते मिस्त्रींना फसवलं. क्रम हाच आहे. लोक तो उलटा सांगतात, काही जण पहिला भाग गाळूनच टाकतात, म्हणून सुरुवातीलाच लिहून ठेवतो. माझा वाटा मी नाकारत नाही. पण स्वतःचाही वाटा माझ्या अंगावर ढकलून तो पार्टवाला आजही गल्ल्यावर पंखा लावून बसला आहे, आणि ते मी सोडणार नाही.

पराते मिस्त्री इंजिनं बांधायचे. कामठी रोडपासून दोन गल्ल्या आत त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर विचारलं की तो माणूस चुना लावता लावता सांगायचा, "ते भित्रे मिस्त्री का? सिद्धे जा. जिथं फरशीवर खडूच्या रेघा दिसतीन, तिथं थांबा. रेघेच्या आत पाय नका टाकू, नाहीतर वरडतात."

मी पहिल्यांदा गेलो तो माझा तांदळाचा टेम्पो घेऊन. मी कुहीकडचा. गावाकडचा तांदूळ आणून शहरात विकता विकता उभा राहिलेला माणूस. भाव करणं माझ्या रक्तात नाही, ते पोटातून आलेलं आहे. समोरच्याने आकडा सांगितला की तो निम्मा करायचा, मग चिडायचं, मग उठून चालू लागायचं, अशी माझी रीत. मिस्त्रींनी आकडा सांगितला. मी निम्मा केला. मिस्त्री एका व्हॉल्व्हला पेस्ट लावून तो त्याच्या जागेवर घासत होते. मान वर न करता म्हणाले, "शेठ, माह्या इथं घासाघीस फक्त व्हॉल्व्हची होते."

मी चिडलो. उठून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मागून हाक येईना. परत आलो, तर माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवलेलं होतं.

तेव्हा ते साठीला आले असतील. अंगाने वाळलेले. शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली, बाह्या रबरबँडने मनगटाशी बांधलेल्या. इंजिन चालू असताना अंगावर सैल असं काही नको म्हणून. गिऱ्हाईक गळ्यात दुपट्टा टाकून आलं तर आधी तो काढायला लावायचे. बोटात अंगठी असेल तर तीही. त्यांच्या बोलण्यात एक शब्द दिवसातून वीसदा यायचा: भेव. आपण भीती म्हणतो ते. एखादं काम मनासारखं झालं की बाकीचे मिस्त्री छाती ठोकून सांगतात. हे फडक्याला हात पुसत एवढंच म्हणायचे, "आता याचं मले भेव नाही." त्यांच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणाला मिळालं नाही.

मला हे सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. सौद्यात तुमची भीती समोरच्याला दिसली की भाव चढतो, हे मी वीस वर्षं पाहत आलेलो. आणि इथे हा माणूस स्वतःची भीती काउंटरवर मांडून बसलेला. एकदा मी म्हटलंही, "मिस्त्री, असं भ्याल्यासारखं बोललात तर गिऱ्हाईक पळून जाईल."

"जाऊ दे ना गा," ते म्हणाले. "ज्याले भेव नाही लागत त्याची गाडी मी बांधतही नाही."

घरी तर त्यांची थट्टाच व्हायची. गॅरेजच्या मागेच घर. काकू चहा घेऊन यायच्या आणि आम्हाला ऐकवायच्या, "ह्यायले कुकरच्या शिटीचं भेव. तिसरी शिटी झाली का अंगनात जाऊन उभे राह्यतात." मिस्त्री हसायचे आणि कबूल करायचे, "वाफच आहे ना ते. वाफ कोनाची सोयरी नाही."

ही भीती आली कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी ते कामठीला पॉवरलूमवर होते. मागावरचा धोटा, म्हणजे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा तो टोकदार लाकडी तुकडा, एके दिवशी सुटून उडाला आणि शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदाराच्या डोळ्यात गेला. "तो समोर उभा होता म्हनून," मिस्त्री म्हणाले. "एक हात इकडं असता तर काहीच नसतं झालं. तवापासून मी पायतो, जे पळून राहिलं ते सुटलं तर कोनीकडं जाईन." त्या रेघा त्यातून आल्या होत्या. इंजिन बांधलं की ते गाडीत बसवण्याआधी लोखंडी घोडीवर ठेवून चालवायचे, आणि चालवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना फरशीवर खडूने रेघ मारायचे. आतलं काही तुटलं तर ते बाजूने बाहेर येतं. म्हणून सगळ्यांनी पुढच्या टोकाला, रेघेबाहेर उभं राहायचं. ते स्वतःही.

बोल्टांबद्दल तर ते मागावरच्या माणसासारखंच बोलायचे. "लोक समजतात बोल्ट घट्ट बसते म्हनून धरते. तसं नाही. बोल्ट म्हनजे सूत. ताणलं म्हनून धरते. आन एकदा हद्दीबाहेर ताणलेलं सूत पुन्हा कामाचं नाही." इंजिनातून काढलेला असा प्रत्येक बोल्ट ते शिकंज्यात धरून करवतीने दोन तुकडे करायचे. गिऱ्हाइकासमोर. एकदा एका ट्रकमालकाने आरडाओरडा केला, की जुने का होईना, बोल्ट माझे आहेत, आख्खे द्या. मिस्त्रींनी तुकडे पिशवीत घालून त्याच्या हातात दिले. "घे. तुहेच आहेत. पन आता हे कोनाले मारनार नाहीत." मी बाजूला बसून हसलो होतो. मलाही ती नासाडीच वाटली होती.

आता माझी गाडी. माझी पहिली मोटार, जुनी, पेट्रोलची. धंदा मार्गी लागल्यावर घेतलेली. विकायची नव्हती. उलट तिच्या इंजिनाची ताकद दुप्पट करायची, जादा हवा कोंबणारा टर्बो बसवायचा, आणि हायवेवर मागून कोणी हॉर्न वाजवायची हिंमत करू नये, एवढी साधी माझी इच्छा होती. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. सगळं ठरलं आणि गाडी आठ बोल्टांवर येऊन अडली.

पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा जो दांडा असतो, त्याला कनेक्टिंग म्हणतात. चार पिस्टन, चार कनेक्टिंग, प्रत्येकाच्या पायाशी दोन बोल्ट. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेतं तेव्हा ते दांडे बाहेर फेकले जाण्यापासून फक्त हे आठ बोल्ट अडवतात.

"कंपनीचे लावू का बाहेरचे?" मी विचारलं.

"कंपनीचा बोल्ट कंपनीच्या ताकदीपुरता. तू ताकद दुप्पट करून राहिला. मंग बाहेरचा भारी पोलादाचा पाहिजे. पन त्याच्यासंगं कागद पाहिजे."

"कसला कागद?"

"किती ताणाचा, कोनतं तेल लावाचं, ते लिहेल राह्यते. बाहेरचा बोल्ट वाईट नसते गा. बिनकागदाचा वाईट."

"कागद नाहीच मिळाला तर?"

"तर कंपनीचे आन, आन टर्बोची हवा कमी ठेव. कमी पळन. पन पळन."

कमी पळणारी गाडी मला नको होती. कंपनीच्या काउंटरवर बोल्टांना महिनाभर थांबा म्हणाले, तेवढा धीरही नव्हता. मी त्या पार्टवाल्याकडे गेलो. त्याने काळे कुळकुळीत आठ बोल्ट काचेवर ठेवले. "इंपोर्टेड भाऊ. कंपनीपेक्षा दीडपट ताकद. एकदम टेन्शन फ्री." मी कागद मागितला. "कागद कुठं पडला असन पोत्यात. कागद लावून इंजिन चालते का?" मी म्हणालो, माझा मिस्त्री बिनकागदाचे लावत नाही, एक तर कागद, नाहीतर कंपनीचं पाकीट. त्याने काउंटरखाली हात घातला. रबरबँड लावलेला कंपनीच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा वर काढला, त्यातलं एक घेतलं, आठ बोल्ट त्यात टाकले आणि मशीनवर पाकिटाचं तोंड चिकटवलं. "घ्या. झाले कंपनीचे."

रिकामी पाकिटं कोण जपून ठेवतं? आणि परदेशी म्हणवणारा बोल्ट दिसायला हुबेहूब कंपनीसारखा कसा असतो? तांदळाचा दाणा दाताखाली धरून पोतं कुठल्या गावचं ते सांगणारा मी, मला हे दोन प्रश्न पडले नाहीत. पडू दिले नाहीत. मिस्त्री कंपनीचे समजून बांधतील, बोल्ट प्रत्यक्षात भारीतले असतील, आणि नंतर हवा मी गुपचूप वाढवून घेईन, असा माझा हिशेब होता. मी खूश होऊन दुकानातून उतरलो.

बाहेरून आलेला सुटा बोल्ट मिस्त्री दहा प्रकारे तपासायचे. पण कंपनीचं बंद पाकीट त्यांच्या समोर फुटलं तर तपासत नसत. अख्ख्या जगात तेवढ्या एकाच गोष्टीवर त्यांनी विश्वास टाकलेला होता. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दाताने फोडलं.

बोल्ट आधी मापाच्या पान्याने आवळायचा आणि मग शेवटचा पाव फेरा हाताच्या अंदाजाने द्यायचा. त्या पाव फेऱ्याला ते डोळे मिटायचे. पहिला कनेक्टिंग झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या एका बोल्टावर त्यांचा हात थांबला. त्यांनी डोळे उघडले.

"शेठ, हे कुठून आनले?"

"कंपनीच्या काउंटरवरून."

"हा थकलेला लागून राहिला."

"नवीन आहेत, मिस्त्री. तुमच्यासमोर तर पाकीट फोडलं."

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. सौद्यात समोरच्याच्या नजरेला नजर कशी द्यायची हे मला चांगलं येतं. मी दिली. मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडमीट केली आणि पाव फेरा पूर्ण केला.

"मंग माहा हात म्हातारा झाला असन," ते म्हणाले.

या वाक्याने मला झोपेतून उठवलेलं नाही असा आठवडा जात नाही. तेव्हा मात्र मी चहा मागवला. इंजिन पूर्ण व्हायला आणखी पाच दिवस लागले. पाचही दिवस मी गॅरेजला गेलो. प्रत्येक दिवशी गल्लीच्या टोकाशी ठरवायचो की आज सांगून टाकू, आणि आत गेल्यावर वाटायचं, बोल्ट तर भारीच आहेत, उगाच कशाला.  तिसऱ्या दिवसापासून मला जेवण जाईना. ते भेव होतं. मी त्याला ॲसिडिटी म्हणत होतो.

सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला इंजिन घोडीवर चढलं. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना रेघा मारल्या, काकूंना घराचं दार लावून घ्यायला सांगितलं. मला पुढच्या टोकाला उभं केलं आणि ॲक्सिलरेटरची तार माझ्या हातात दिली. "मी सांगन तेवढीच ओढ."

इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. तेल फिरलं, पाणी तापलं. आवाज गोड होता. मी म्हणालो, "मिस्त्री, आता भेव नाही ना?"

ते मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. "थोडी वाढव." मी वाढवली. "आजून." मी ओढली. "तिसऱ्यात काहीतरी बोलून राहिलं. तुले ऐकू येते?"

मला ऐकू येत होतं. टकटक, अगदी बारीक.

"नाही," मी म्हणालो.

"मंग कानही म्हातारे झाले का गा?" ते हसले. लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, उचलला. त्याचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज नेमका ऐकू येतो, पण त्यासाठी बाजूने जवळ जावं लागतं. इतक्या वर्षांत चालत्या नव्या इंजिनाजवळ त्यांना असं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते कायम आधी इंजिन बंद करून घ्यायचे. त्या दिवशी त्यांना इंजिनाची परीक्षा घ्यायची नव्हती, स्वतःची घ्यायची होती. हात खोटा, कान खोटे, मग भेव तरी खरं कशावरून, असंच त्यांच्या मनात आलं असणार. त्यांनी रेघ ओलांडली.

माझ्या हातात तार होती. ती सोडली असती तर इंजिन मंद झालं असतं. "मिस्त्री, थांबा," हे दोन शब्द होते.  "वाढव," ते म्हणाले, आणि मी वाढवली.

आवाज मोठा नव्हता. घणाचा एक घाव बसावा तसा. इंजिनाच्या कुशीला मुठीएवढं भोक पडलं, त्यातून दांड्याचं टोक बाहेर आलं, आणि गरम तेल भिंतीवर उडालं. मिस्त्री फरशीवर बसले होते. पेचकस दूर पडलेला. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता आणि त्याच्याकडे ते असे पाहत होते की जणू तो दुसऱ्याचा आहे. काकूंनी दार उघडलं. त्या ओरडल्या नाहीत. मीच ओरडत होतो, हे मला नंतर कळलं.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेली वाकत नाहीत.

चौथ्या दिवशी दवाखान्यात मी त्यांना सगळं सांगितलं. पाकीट, गठ्ठा, माझी नजर, सगळं. शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. ते उशीवरून उठून बसले. चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं लिहीत नाही.

"म्हनजे माहा हात बरोबर होता?"

"हो मिस्त्री."

"कानही?"

"हो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, "मंग तवाच काहून नाही सांगतलं गा?" 

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेले सात बोल्ट मागवले, आणि कंपनीच्या काउंटरवरचा एक नवा. महिना म्हणाले होते, पण तोवरच तिथे माल आलेला होता. हे सांगताना मला लाज वाटते. "दोघाची पाठ एकमेकाले लाव. आट्यात आटा बसव. आता खिडकीकडं धर." मी धरलं. वरचे आटे एकमेकांत नीट बसले, पण खाली जाता जाता त्यांचा मेळ सुटत गेला आणि दोन बोल्टांमधून उजेडाची बारीक चीर दिसू लागली. सातांपैकी पाचांतून दिसली. ते परदेशी नव्हते. ते कंपनीचेच होते. कोणाच्या तरी इंजिनातून काढलेले, ताणून थकलेले, काळा रंग चढवून पुन्हा विकायला ठेवलेले.

"म्हनून मी कापतो," मिस्त्री म्हणाले.  मग त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा खरं भेव पाहिलं. इंजिनाचं नाही. "शेठ, गठ्ठा होता म्हनतो ना? मंग आधीची पाकिटं कोनाकोनाले गेली?"

मी तिथून थेट दुकानात गेलो. आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी भांडलो नसेन. पार्टवाल्याने मला दमेपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाला, "भाऊ, पाकीट कोनी मांगतलं होतं? मी का तुम्ही? चला ना पोलिसात. दोघं संगंच जाऊ." गिऱ्हाइकं हसली. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या दुकानातून समोरच्याला उत्तर न देता उतरलो.

मिस्त्री मला शेवटचे दिसले ते गेल्या महिन्यात, कामठी रोडला, शेअर ऑटो थांबतात तिथे. दुपारची वेळ. मी रस्त्याच्या पलीकडे होतो, त्यांनी मला पाहिलं नाही. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उजवा हात शर्टात घातलेला. ऑटो आला की ते बसायच्या आधी वाकून त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि मान हलवून मागे सरायचे. असे तीन ऑटो सोडले. चौथ्यातली एक बाई वैतागली, "बाबाजी, बसा ना! काय ऑटोची नाडी पायून राहिले?"

"पायतो ना बाई," ते म्हणाले. "तुम्हीबी पायत जा." मग डाव्या हाताने दांडी धरून चढले आणि अगदी काठावर, रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी पोलिसांत लिहून दिलं आहे. त्यात माझं नाव पहिलं आहे आणि मी काय केलं ते लपवलेलं नाही. त्यावर पुढे काही हललेलं नाही. व्यापाऱ्यांच्या बैठकीत मला सांगण्यात आलं की आपसात मिटवा. मिटवण्यासारखं माझं काही उरलेलं नाही. माझं इंजिन फुटलं, ते घोडीवर फुटलं. बाकीची फुटायची आहेत. ती कोणाच्या तरी गाडीत आहेत, त्या गाड्या कन्हानच्या पुलावरून जातात, शाळेसमोर थांबतात, आणि त्यांत बसणाऱ्यांना वाटतं की आपल्या इंजिनात कंपनीचे बोल्ट आहेत. मागून तसल्या इंजिनाचा आवाज आला की मी रस्त्याच्या कडेला सरकतो. मला भेव लागतं.

माझ्या गुन्ह्याची शिक्षा मला द्या, मी भाव करणार नाही. पण त्या पार्टवाल्याला उभं करा. तो गठ्ठा काउंटरवर काढायला लावा, आणि किती पाकिटं रिकामी आणली, किती भरून दिली आणि कोणाकोणाला दिली, ते त्याच्याकडून वदवून घ्या. एकेक नाव.